शुक्रवारपर्यंत सही करू का?

प्रेषक: सचिव, मंडळ
बुधवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

आपल्या एका सभासद मैत्रिणीचं पत्र खाली जसंच्या तसं देते आहे. तिचं नाव आणि कंपनी कृपया विचारू नका. उत्तरं याच धाग्यावर द्या, ती वाचते आहे. कोजागिरीच्या मसाला दुधाच्या मेल्स वेगळ्या धाग्यावर टाकाव्यात.

"सात वर्षं कॅलिफोर्नियात, बे एरियात आहे, एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर. आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर होऊन दोन वर्षं झाली. नवरा माझ्या व्हिसावर, एच-४वर. त्याचं वर्क परमिटही माझ्याच आय-१४०च्या जोरावर. मार्चमध्ये मुलगी झाली. रजेवर जाण्याआधीच्या रिव्ह्यूत 'अपेक्षेपेक्षा सरस' असा शेरा होता. ऑगस्टमध्ये परतले तर माझं प्रोजेक्ट दुसऱ्याला दिलेलं. 'तू जरा दमाने घे' म्हणाले. दमाने घ्यायला मी सांगितलं नव्हतं.

दूध काढायला खोली मागितली तर जुने मॉनिटर ठेवायची खोली मिळाली. दाराला आतून कडी नाही. मी दाराला खुर्ची लावून, पाठ टेकून बसायचे. एकदा कोणीतरी जोरात दार ढकललं आणि हातातली बाटली सांडली. कार्पेटवर सांडलेलं दूध कागदाने टिपत बसले आणि पाच मिनिटांनी मीटिंगला गेले. सप्टेंबरमध्ये मॅनेजर म्हणाले, 'तुझं लक्ष आता घरी असणार, साहजिक आहे.' आज दुपारी चारला एचआरने कॉलवर सांगितलं की कामगिरी समाधानकारक नाही, शुक्रवार शेवटचा दिवस. नोकरी संपवण्याच्या करारावर सही केली तर दहा आठवड्यांचा पगार, नाही केली तर काही नाही. मुदत शुक्रवारी पाच वाजेपर्यंत. शेवटी म्हणाली, 'तुझ्या व्हिसाचाही विचार कर.'

सही करू का? घरी बोलायचं तर नवरा माझ्याहून जास्त घाबरलाय."

---

फ्रिमाँटहून
गुरुवार, सकाळी ६:१०

ताई, तुमचं पत्र वाचून झोप उडाली. पण मी स्पष्टच सांगतो: सही करा, दहा आठवड्यांचे पैसे पदरात पाडून घ्या आणि आजपासून दुसरी नोकरी शोधा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात ते उगाच नाही. नोकरी गेल्यावर इथे राहून दुसरी शोधायला आता ६० दिवस मिळतात; २००१ साली माझी गेली तेव्हा तेही नव्हते. नोकरी संपली की मुक्काम संपला. भाड्याचं घर मोडून, दोन बॅगा घेऊन आम्ही परत गेलो होतो, मोठीची शाळा अर्धवट सोडून. पाहुण्याने यजमानाशी भांडू नये. तुमच्या काळजीपोटी लिहितोय, राग मानू नका.

---

सनीव्हेलहून
गुरुवार, सकाळी ७:३५

अगं, एकेरीत लिहिते, तू माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची असशील. मी वीस वर्षं एचआरमध्ये काढली. असले कागद लोकांसमोर मी स्वतः सरकवले आहेत. त्यामुळे त्या बाजूने काय दिसतं ते सांगते. मी वकील नाही, वकील तुला लागणारच आहे, पण आजच्या दिवसात काय करायचं ते मला माहीत आहे.

पहिलं म्हणजे शुक्रवारची मुदत. कॅलिफोर्नियात २०२२पासून कायदा आहे: नोकरी संपवताना असा करार पुढे केला, तर 'तुला वकिलाचा सल्ला घेण्याचा हक्क आहे' हे कंपनीने सांगावंच लागतं आणि त्यासाठी किमान पाच कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. बुधवारी दुपारी कागद आणि शुक्रवारी सही, हे त्यात बसत नाही. (तू चाळिशी ओलांडलेली असतीस तर देशाच्या कायद्याने २१ दिवस मिळाले असते आणि सही केल्यावरही ७ दिवसांत ती मागे घेता आली असती. इतरांनी हे लक्षात ठेवा, आपल्यातले बरेच जण त्या वयाचे आहेत.) आजच एचआरला दोन ओळींची मेल टाक, कंपनीच्या खात्यावरून, आणि तिचा फोटो स्वतःच्या फोनवर काढून ठेव: 'मला कराराबद्दल वकिलाचा सल्ला घ्यायचा आहे. कायद्याने मिळणारे किमान पाच कामकाजाचे दिवस द्यावेत.' बस. कारणं नकोत, रडणं नको, 'सॉरी' तर अजिबात नको. माझ्या अनुभवात अशी मेल आली की आम्ही ती कंपनीच्या वकिलाकडे पाठवायचो आणि मुदत वाढायची.

दुसरं, 'नाहीतर काही नाही' हे खोटं आहे. शुक्रवारपर्यंतचा पगार आणि साठलेल्या सुट्ट्यांचे पैसे हे तुझेच आहेत. काढून टाकलं तर ते त्याच दिवशी द्यावे लागतात. मुद्दाम अडवले तर दिवसागणिक एक दिवसाचा पगार, असा ३० दिवसांपर्यंत दंड बसतो. आणि हे पैसे 'आधी सही कर, मग देतो' म्हणून रोखता येत नाहीत. सहीच्या बदल्यात मिळतात ते फक्त दहा आठवडे. त्यासाठी तू काय देतेस ते नीट वाच: तुझ्यावर आजवर जे झालं त्याबद्दलचा प्रत्येक दावा तू सोडून देतेस. कडी नसलेली खोली, काढून घेतलेलं प्रोजेक्ट, 'लक्ष घरी असणार' हे वाक्य, सगळं त्या एका परिच्छेदात विकलं जातं. त्याची किंमत दहा आठवडे आहे की जास्त, हे ठरवायला वकील हवा.

लोक म्हणतात, इथे नोकरी मर्जीची असते, कधीही काढतात. खरं आहे. कारण न देता काढता येतं. पण बाई आई झाली, रजेवर गेली, दूध काढायला खोली मागितली म्हणून काढता येत नाही. इथे पाच किंवा जास्त माणसं असलेल्या कंपनीला हे सगळं लागू आहे. बाळंतपणामुळे काम करता येत नसेल तेवढा काळ, चार महिन्यांपर्यंत रजा. त्यानंतर अटी पुऱ्या असतील तर बाळासाठी आणखी १२ आठवडे. आणि परतल्यावर तीच किंवा तिच्या तोडीची जागा. दूध काढायची खोली आडोशाची, कोणी मध्ये घुसणार नाही अशी, बसायला जागा, वीज, जवळ सिंक आणि फ्रिज, असं कायद्यात लिहिलेलं आहे. मॉनिटरांची खोली त्यात बसत नाही.

आज रात्री मुलगी झोपली की वही काढ. तारखेनिशी लिही. कोण काय बोललं, त्यांच्याच शब्दांत, मराठीत भाषांतर करू नकोस. 'व्हिसाचा विचार कर' हे वाक्य सगळ्यात आधी लिही, वेळेसकट, कॉलवर कोण कोण होतं त्यासकट. गुपचूप रेकॉर्डिंग मात्र करू नकोस. कॅलिफोर्नियात खासगी बोलणं सगळ्यांच्या संमतीशिवाय रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. कंपनीच्या फायली स्वतःच्या मेलवर पाठवू नकोस, नंतर तेच बोट तुझ्याकडे दाखवतील. तुझा रिव्ह्यू आणि पगाराच्या स्लिपा घरी आहेत, तेवढं पुरे. उरलेलं तू लेखी मागितलंस की कंपनीला तुझी फाईल ३० दिवसांत दाखवावी लागते.

---

सॅन्टा क्लाराहून
गुरुवार, दुपारी १२:०५

व्हिसापुरतं लिहितो, गेल्या वर्षी मी यातून गेलोय. ६० दिवस नोकरी संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मोजतात, आणि नोकरी संपली कधी हे बहुतेक वेळा पगाराच्या शेवटच्या दिवसावरून ठरतं. सेव्हरन्सचे (नोकरी संपवताना कंपनी देते ते) पैसे एकरकमी मिळाले म्हणून तारीख पुढे जात नाही. म्हणून वकिलाला आधी हे विचारा: पैशांऐवजी, किंवा पैशांबरोबर, पगारपत्रकावरची तारीखच पुढे ढकलून मागता येईल का? मला पाच आठवडे तसे मिळाले. तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने अर्ज टाकला आणि आमचं बिऱ्हाड हललं नाही.

आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटले असतील, तर कंपनीने ते मागे घेतलं तरी केवळ तेवढ्याने रद्द होत नाही. ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख टिकते. ही भीती तरी आज मनातून काढा. इमिग्रेशनचा वकील आणि नोकरीचा वकील वेगळे असतात. कंपनीचा इमिग्रेशन वकील आधी कंपनीचा असतो, त्याला फोन करू नका.

---

मिल्पिटासहून
गुरुवार, दुपारी ३:२०

फ्रिमाँटच्या दादांना आधी सांगायचं आहे. दादा, तुमच्या दोन बॅगा मला समजतात. पण आपण पाहुणे नाही. कर भरतो, काम करतो. भेदभावाविरुद्धचा कायदा व्हिसा कोणता हे विचारत नाही. उलट हक्क मागितला म्हणून व्हिसाची धमकी देणं हेच इथे वेगळं बेकायदा कृत्य धरलं जातं.

मी तक्रार केली होती. कंपनीचं नाव सांगणार नाही. सिव्हिल राइट्स डिपार्टमेंट म्हणून राज्याचं खातं आहे, तिथे ऑनलाइन तक्रार करता येते, फी नाही. घटनेपासून ३ वर्षं मुदत असते. नोकरीतल्या भेदभावाच्या तक्रारी घेणाऱ्या केंद्राच्या ईईओसीकडे जायचं तर आपल्याकडे ३०० दिवस. म्हणजे ताई, शुक्रवारची घाई कंपनीला आहे, तुला नाही.

सोपं होतं असं म्हणणार नाही. चौदा महिने लागले. नवऱ्याशी भांडणं झाली, वजन उतरलं. गणपतीला मंडळात आले तेव्हा लोक कुजबुजले की हिने कंपनीवर केस केली. ते मला सगळ्यात लागलं. शेवटी मध्यस्थासमोर बसून मिटलं. किती मिळाले ते सांगता येत नाही. पण त्या दिवशी टेबलावर माझ्या बाजूने काय होतं? वकिलाने माझी वही पुढे केली. निळ्या शाईची, एका पानावर हळदीचा डाग. त्यातल्या तारखा त्यांच्याच कॅलेंडरशी जुळल्या आणि त्यांच्या बाजूची मंडळी उठून बाहेर बोलायला गेली. कामगारांच्या बाजूचे पुष्कळ वकील आधी पैसे घेत नाहीत, मिळाल्यावर हिस्सा घेतात. पहिल्या भेटीची फी आणि हिस्सा किती, हे फोनवरच विचार. सॅन फ्रान्सिस्कोत 'लीगल एड ॲट वर्क' ही संस्था मोफत सल्ला देते, बाळंतपण आणि नोकरी याच विषयाची त्यांची वेगळी हेल्पलाइन आहे. आज लाव.

---

सॅन होजेहून
गुरुवार, रात्री ८:१५

मी लेकीकडे राहणारा म्हातारा, मंडळाच्या वाचनालयापुरता सभासद. पण ही चार महिन्यांची रजा आली कुठून, ते या मुलीला कळावं म्हणून लिहितो.

लॉस एंजलिसमध्ये लिलियन गारलंड नावाची एका बँकेत रिसेप्शनिस्ट होती. १९८२ साली बाळंतपणासाठी रजेवर गेली. परतली तर जागा भरलेली. तिने राज्याच्या खात्याकडे तक्रार केली, म्हणजे वर ज्याचा उल्लेख आहे त्याच खात्याकडे, तेव्हा नाव वेगळं होतं. बँक उलट कोर्टात गेली. पुरुषांना नाही अशी रजा बायकांना देणारा कॅलिफोर्नियाचा कायदाच बेकायदा, असं तिचं म्हणणं. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि जानेवारी १९८७मध्ये कोर्टाने कायदा कायम ठेवला. निकालपत्र थर्गुड मार्शल यांनी लिहिलं. देशभर बिनपगारी का होईना १२ आठवडे मिळायला पुढे १९९३ उजाडलं.

आणि हे परदेशातलं खूळ आहे असं कोणी समजू नये. माझी आजी परळच्या गिरणीत वाइंडिंग खात्यात होती. बाळंतपणात गिरणीकामगार बायकांना पैसे मिळावेत हा कायदा मुंबई प्रांताने १९२९ साली केला. १९२८ साली त्या बिलाच्या बाजूने डॉ. आंबेडकर मुंबईच्या कौन्सिलमध्ये बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विसावा मिळणं देशाच्या हिताचं आहे आणि मालकानेही त्याचा भार उचलावा, असं त्यांनी मांडलं. मुली, तू मागते आहेस ते तुझ्या पणजीच्या पिढीने मागितलेलं आहे.

---

प्रेषक: सचिव, मंडळ (तिच्या वतीने)
शुक्रवार, सायंकाळी ५:५०

"सगळ्यांना नमस्कार. काल रात्री दीडपर्यंत लिहीत बसले. अकरा पानं झाली. लिहिताना कळलं की मी किती गोष्टी 'जाऊ दे' म्हणून विसरायला लागले होते. जुलैत, रजेवर असताना, मला टीमच्या मेलमधूनच काढलं होतं, हे तर आठवलंच नव्हतं.

सनीव्हेलच्या ताई, तुम्ही सांगितली तशी दोन ओळींची मेल काल सकाळीच टाकली. चार तास उत्तर नाही. मग आलं: मुदत पुढच्या शुक्रवारपर्यंत. कॉलवरची ती बाई या वेळी 'व्हिसा' हा शब्द काढत नाही. आजच्या तारखेपर्यंतचा पगार आणि सुट्ट्यांचे पैसे दुपारी खात्यात आले. सही केलेली नाही.

मंगळवारी दुपारी दोन वाजता ओकलंडला वकिलाची भेट ठरली आहे. नवऱ्याला त्या दिवशी सुट्टी मिळत नाही आणि मुलीला घेऊन गेले तर माझं लक्ष लागणार नाही. तीन तास तिला कोणी सांभाळेल का?"

---

फ्रिमाँटहून
शुक्रवार, सायंकाळी ६:०५

ताई, माझं मत अजून पुरतं बदललेलं नाही, खोटं कशाला बोलू. पण ओकलंडला जाताना आमचं घर वाटेतच आहे. आमची ही दिवसभर घरी असते, दोन नाती तिने वाढवल्या आहेत. एक वाजता मुलीला सोडा, जेवून पुढे जा. पार्किंगची चिंता नको, मी स्वतः तुम्हाला वकिलाच्या दारात सोडतो आणि खाली थांबतो. ही विचारते आहे, दूध गार चालतं की कोमट करून द्यायचं?

---

प्रेषक: सचिव, मंडळ (तिच्या वतीने)
शुक्रवार, सायंकाळी ६:२०

"कोमट. दोन बाटल्या आणते. झोपताना तिला उजव्या खांद्यावर घ्यायला काकूंना सांगा."