स्टेडियम बांधा की, पण माझ्या घरपट्टीतून नको

केळीवाला आप्पा, रावेर-जळगाव:
परवा एका भाऊने लिहिलं की खान्देशात आयपीएलच्या मॅची होतील असं 40 हजार सीटांचं स्टेडियम पाहिजे, पैसे कमी पडले तर घरपट्टीवर क्रीडा कर लावा, वर्षाला दोनशे रुपयांनी कोणी मरत नाही. तेव्हापासून डोकं फिरलंय. अरे भो, नळाला पाणी दोन दिवसाआड, पट्टी मात्र वेळेवर, आणि मॅच कोणाची? बीसीसीआयने 2023 ते 2027 चे आयपीएलचे मीडिया हक्क 48,390 कोटींना विकले. त्यातलं चिल्लर काढा अन् बांधा. तिकडे माँट्रियलने 1976 च्या ऑलिम्पिकसाठी स्टेडियम बांधलं, त्याचं कर्ज 2006 मध्ये फिटलं, लोकांच्या सिगारेटवर कर लावून. तीस वर्षं! आपल्याकडे तंबाखूवर लावला तर दोन वर्षांत फिटेल, ती गोष्ट वेगळी.

धुळेकर:
मीच लिहिलं होतं ते. रस्ता, पूल, नाट्यगृह सगळं पट्टीतूनच होतं ना आप्पा? नाट्यगृहात तुम्ही शेवटचे कधी गेले? खेळाचं नाव काढलं की लगेच खिसा दुखतो. आणि बीसीसीआय कसाले येईल इकडे स्वतःहून?

चाळीसगावचा, सध्या पुण्यात:
तेच तर. नाही येणार, कारण धंदा नाही. आणि प्रायव्हेट पैसा म्हणजे सगळं गोड असंही नाही. पुण्याजवळच्या गहुंज्याचं स्टेडियम बघा, महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनने बांधलं, नाव सहारा कंपनीला विकलं, पैसे अडकले, 2013 ला नाव उतरवलं, कर्ज बोकांडी.

केळीवाला आप्पा:
मग बुडाले ते त्यांचे बुडाले! तुझ्या आजीच्या घरपट्टीतून गेले का? मी काय वेगळं बोलतोय? मुंबईचं वानखेडे पण तिथल्या क्रिकेट असोसिएशननेच उभं केलं.

धुळेकर:
जमीन कोणाची होती? सरकारची, भाडेपट्ट्याने. फुकट काही नसतं आप्पा.

नाना, रिटायर पीटी मास्तर:
तुमचं चालू द्या. कविता राऊत सावरपाड्याच्या रानात पळाली अन् 2010 च्या कॉमनवेल्थला 10,000 मीटरला ब्राँझ आणलं, कोणतं स्टेडियम होतं तिथे? आमच्या गावाला मैदान आहे. त्यावर प्रदर्शन, सभा, लग्न, मग महिनाभर मांडवाचे खड्डे. उरलेल्या वेळात ते मॉर्निंग वॉकवाले. पोरं पोलीस भरतीचे 1600 मीटर मारत असतात अन् हे चौघं-चौघं आडवे, गप्पा मारत. माझी एक पोरगी शेवटी कंटाळून हायवेच्या कडेने पळायला लागली, मोटरसायकलवाल्याने उडवली, पाय मोडला, त्या वर्षाची भरती गेली.

भुसावळची ताई:
मी वॉकवाली. शुगर आहे. मे मध्ये 45 डिग्री, सहाच्या आत नाही चाललं तर कुठे चालू, डंपरखाली? पोरीचं वाईट वाटलं नाना, पण तो दोष आमचा कसा? तुमची पोरं अंगावर येतात, वर "ओ काकू" म्हणून ओरडतात.

नाना:
तुम्ही आतल्या लेनमध्ये चालता म्हणून ओरडतात!! बाहेरून चाला ना. पस्तीस वर्षं सांगून सांगून घसा बसला.

भुसावळची ताई:
बाहेरून दारूच्या बाटल्यांच्या काचा आहेत मास्तर. कधी खाली बघितलं का, की नुसती शिट्टी वाजवायची?

धुळेकर:
लोकहो, विषय स्टेडियम होता.

नाना:
विषय हाच आहे. आहे ते मैदान झाडायला दोन माणसं नाहीत, 40 हजार खुर्च्या कोण पुसणार, तुम्ही?

चाळीसगावचा:
नानांचं पटलं. पण नाना, भाड्याने दिलं नाही तर झाडायचे पैसे कुठून येणार? लग्नाचं भाडं त्याच मैदानावर खर्च केलं तर मला लग्नसुद्धा चालेल.

केळीवाला आप्पा:
तुझंच लाव तिथे.

धुळेकर:
बरं बाबा, हरलो. आयपीएल नको, साधा मातीचा ट्रॅक करू, चार लाईट लावू. मग वॉकवाल्यांना पास लावा, महिना 50 रुपये. वापरेल तो भरेल, आप्पांचंच तत्त्व. आता का गप्प?

केळीवाला आप्पा:
गप्प नाही, केळीची गाडी भरतोय. पण भरतीच्या पोरांना फुकट पाहिजे, हे लिहून ठेव.

भुसावळची ताई:
50 काय, 100 घ्या. पण बायकांच्या बाथरूमचं कुलूप आधी काढा, मग पावती फाडा.

नाना:
चावी वॉचमनकडे आहे ताई. वॉचमन तीन दिवसांपासून मांडवात जेवतोय.