घरी बांधलेल्या विमानात इंजिन बसवतोय. बॅलन्सिंग आधी करू की नंतर? सल्ला हवा

भिरभिरं (डेटन, ओहायो)

नमस्कार मंडळी.

गेली साडेचार वर्षं गॅरेजात आरव्ही-९ए (किटमधून बांधायचं दोन आसनी विमान) बांधतोय. पंख, शेपूट, धड सगळं झालं, मागच्या महिन्यात हँगरमध्ये हलवलं. परवा इंजिन आलं: लायकमिंग ओ-३२०, १६० अश्वशक्ती, डायनाफोकल माउंटचं (माउंट म्हणजे इंजिन धरणारी चौकट, यात इंजिन तिरक्या रबरांवर बसतं). जुनं आहे, पण ओव्हरहॉल केलेलं (पूर्ण उघडून दुरुस्त केलेलं). खोकं उघडलं आणि बायको आणि मी पाच मिनिटं नुसते बघत उभे राहिलो.

पुढच्या शनिवारी मी आणि शेजारी मिळून ते चढवणार आहोत. अडचण अशी की क्लबात जितकी माणसं तितकी मतं. एक जण म्हणतो, पहिल्या उड्डाणाआधी प्रोपेलरचं डायनॅमिक बॅलन्सिंग (इंजिन चालवून, थरथर मोजून तोल जुळवणं) करूनच घे. दुसऱ्याचं म्हणणं, चार सिलिंडरचं इंजिन थरथरणारच, पैसे घालवू नकोस. तिसरा म्हणतो, धातूचा प्रोपेलर काढ आणि लाकडी लाव, वजनही वाचेल आणि थरथरही कमी होईल.

कुठलं काम कुठल्या क्रमाने करायचं, हे कुणीतरी आपल्या भाषेत नीट सांगेल का? इंजिन चढवतानाच्या खाचाखोचाही हव्यात. मी व्यवसायाने सॉफ्टवेअरवाला आहे, हे काम पहिल्यांदाच करतोय.

---

मिशिगनकाठ

अभिनंदन! मी विस्कॉन्सिनमध्ये विमान मेकॅनिक आहे, घरी बांधलेली विमानं माझ्याकडे बरीच येतात.

तुमच्या क्लबातले तिघं वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलतायत. इंजिनाच्या आतल्या पिस्टन-रॉडची वजनं जुळवणं हे एक काम, प्रोपेलरचा तोल हे दुसरं आणि अख्ख्या विमानाचा गुरुत्वमध्य हे तिसरं. पहिलं ओव्हरहॉल करणाऱ्याकडे झालेलं असतं, कागदपत्रांत बघून घ्या. तुमच्या हातात आत्ता आहे ते इंजिन सरळ बसवणं. माझ्याकडे 'बॅलन्स करून द्या' म्हणून येणाऱ्या विमानांत निम्म्या वेळा दोष बसवण्यातच सापडतो. वाकडं बसलेलं इंजिन वजनं लावून शांत होत नाही.

आता शनिवारचं. इंजिन नसताना आरव्ही-९ए शेपटीवर बसतं आणि इंजिन चढलं की नाकावर येतं. म्हणून शेपटीखाली घोडी ठेवा, चाकांना ओट लावा, आणि वजन हॉइस्टवरून (उचलायच्या यंत्रावरून) माउंटवर उतरत असताना एक माणूस फक्त शेपटीकडे लक्ष ठेवायला हवा. म्हणजे दोघं पुरणार नाहीत, तिसरा बोलवाच. सव्वाशे किलोचं धूड आहे.

चार बोल्ट आणि प्रत्येक बोल्टला रबराचे दोन भाग. हे दोन्ही भाग दिसायला सारखे असले तरी सारखे नसतात. वरच्या जागी कुठला पुढे आणि खालच्या जागी कुठला, ते नकाशात पाहून आदल्या रात्रीच मार्करने लिहून ठेवा. वरचे दोन बोल्ट आधी घाला, मग खालचे. शेवटचा बोल्ट भोकासमोर येणार नाही, कुणाचाच येत नाही. तेव्हा हातोडा घेऊ नका. सामान बांधायचा रॅचेटचा पट्टा इंजिनाभोवती आणि माउंटभोवती घ्या आणि एकेक दात ओढत इंजिन जवळ आणा. टोक निमुळतं केलेला एक जुना बोल्ट आधी सरकवून वाट करून घ्या, मग खरा बोल्ट ग्रीस लावून. चारही बसल्याशिवाय एकही पूर्ण आवळायचा नाही. आवळताना टॉर्क पाना (ठरलेल्या जोरानेच आवळणारा), आणि आकडा पुस्तकातला, क्लबातला नाही.

आणि हे लोक फार विसरतात: रबर नवं असताना इंजिन जिथे असतं तिथे ते राहत नाही. काही तास चाललं की रबर बसतं आणि नाक खाली झुकतं. म्हणून काउलिंग (इंजिनावरचं झाकण) जुळवताना स्पिनर (प्रोपेलरच्या मधली टोपी) तीन ते पाच मिलिमीटर वर ठेवा. नाहीतर वर्षभराने स्पिनर काउलिंगच्या खालच्या ओठाला घासायला लागतो. नंतर जास्त झुकलंच तर खालच्या रबरामागे वॉशर घालून सरळ करता येतं.

बॅलन्सिंगचं रात्री लिहिते.

---

वाळवंटी (ॲरिझोना)

ताईंनी सांगितलंय त्यात भर.

माझं सोनेक्स विमान आहे, फोक्सवॅगनवर बेतलेलं २१८० सीसीचं इंजिन आणि लाकडी प्रोपेलर. लाकडीबद्दल जे बोलतोय ते सहा वर्षं वापरून.

लाकूड थरथर गिळतं, हे खरं. पण ते हवेबरोबर फुगतं आणि आक्रसतं. ओहायोत उन्हाळा दमट आणि हिवाळा कोरडा. हिवाळ्यात लाकूड आकसलं की बोल्ट सैल पडतात आणि प्रोपेलर हबवर (मधल्या बैठकीवर) किंचित सरकायला लागतो. तिथे लाकूड जळून काळं पडतं. पहिल्या तासाच्या उड्डाणानंतर बोल्ट तपासा, मग दर २५ तासांनी, आणि ऋतू बदलला की न चुकता. हे करायची तयारी असेल तरच लाकडी घ्या.

दुसरं, वजन. धातूचा प्रोपेलर १८ किलोच्या आसपास, लाकडी सहा-सातच. म्हणजे नाकाच्या टोकावरून ११-१२ किलो गेले. तुमचं रिकामं विमान धरा ४८० किलो, आणि प्रोपेलर गुरुत्वमध्यापासून दोन मीटर पुढे. बारा गुणिले दोन, म्हणजे २४. भागिले उरलेले ४६८ किलो. गुरुत्वमध्य पाच सेंटिमीटर मागे गेला. परवानगीची सगळी पट्टीच जेमतेम वीतभर असते. मागच्या सामानाच्या कप्प्यात दोन बॅगा ठेवल्या की पंचाईत. मग लोक बॅटरी पुढे हलवतात, नाकात शिसं घालतात, आणि वाचवलेलं वजन परत येतं. तुमचा आराखडा धातूच्या प्रोपेलरवर बेतलेला असेल तर तोच राहू द्या.

आता माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती तुम्ही करू नये. इंजिन रबरावर बसतं, म्हणजे विजेच्या दृष्टीने ते विमानापासून तुटलेलं असतं. त्यासाठी इंजिनापासून धडापर्यंत जाड अर्थिंगची पट्टी लागते. मी ती 'नंतर लावू' म्हणून ठेवली आणि विसरलो. पहिल्यांदा स्टार्टर दाबला, इंजिन गरगरलं नाही, नुसतं कण्हलं. कॉकपिटमध्ये जळक्या प्लॅस्टिकचा वास. स्टार्टरचा सगळा प्रवाह परत जायला वाट शोधत होता आणि त्याला थ्रॉटलची केबल सापडली. आवरण वितळून आतली तार चिकटली. जमिनीवर झालं म्हणून केबल बदलण्यावर भागलं. ती पट्टी इंजिन चढवलं त्याच दिवशी लावा.

---

पान्हा_१०_११ (पुणे)

माझं विमानाशी काही नातं नाही, भोसरीत इंजिन रिबोअर आणि क्रँकचं (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याचं) काम करतो, वीस वर्षं. २०१६ साली बीकेसीत मेक इन इंडियाच्या प्रदर्शनात कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीच्या गच्चीवर बांधलेलं विमान पाहिलं, तेव्हापासून हे धागे वाचतो. त्या विमानाच्या नोंदणीसाठी त्यांना २०१७ उजाडलं. तुम्हाला तिकडे घरी बांधून उडवता येतं, हे फार मोठं आहे.

आतल्या बॅलन्सबद्दल सांगतो. समोरासमोर चार सिलिंडर असले की एक पिस्टन डावीकडे जातो तेव्हा समोरचा उजवीकडे. दोघांचा धक्का एकमेकांना मारतो. म्हणून ही मांडणी मुळात शांत. पण समोरासमोरचे दोन रॉड क्रँकवर एका रेषेत नसतात, थोडे पुढेमागे असतात. त्यामुळे इंजिन किंचित डोलतं. ते डोलणं रबर खातं, तुम्हाला ते वजन लावून घालवता येणार नाही. तुमच्या क्लबातला दुसरा माणूस बहुतेक याच थरथरीबद्दल बोलतोय आणि तेवढ्यापुरता तो बरोबर आहे.

वाळवंटीदादांसारखं फोक्सवॅगनचं इंजिन घरी जुळवणाऱ्यांसाठी: रॉडचं नुसतं एकूण वजन जुळवून काम भागत नाही. रॉडचं लहान तोंड टांगायचं आणि मोठं तोंड काट्यावर ठेवायचं, मग उलट. दोन्ही टोकं वेगवेगळी जुळवायची. मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर पुढेमागे जातं, दोघांचा हिशोब वेगळा. सगळ्यात हलका रॉड काढायचा आणि बाकीचे तितके उतरवायचे. घासायचं ते फक्त टोकाच्या जाड भागावर, दांड्याला हात लावायचा नाही. घासल्याच्या रेघा लांबीच्या दिशेने हव्यात, आडवी रेघ राहिली की तिथून तडा जातो. पिस्टन मी एका ग्रॅममध्ये आणतो.

---

मिशिगनकाठ

पान्हादादा, लांबीच्या दिशेने रेघा, हे फार महत्त्वाचं सांगितलंत. धन्यवाद.

आता प्रोपेलर. याचा क्रम मोडू नका.

आधी स्टार्टरची दातेरी चकती. लायकमिंगमध्ये तिच्या एका भोकाशेजारी 'ओ' कोरलेला असतो आणि क्रँकच्या फ्लँजवरही (प्रोपेलर बसतो त्या तोंडावरही) तसाच 'ओ' असतो. दोन्ही एकावर एक यायला हवेत. चकती फिरवून बसली तर तिच्यावरच्या टायमिंगच्या खुणा खोट्या ठरतात, आणि त्या खुणांवर मॅग्नेटो (ठिणगीसाठी वीज देणारी यंत्रं) लावलेत तर इंजिनाची वाट लागते. बोट फिरवून चाचपा, नुसतं बघू नका, रंगाखाली अक्षर बुजलेलं असतं.

मग प्रोपेलर बसवून ट्रॅकिंग, म्हणजे दोन्ही पाती एकाच रेषेत फिरतात का ते बघणं. मॅग्नेटो बंद, तरीही प्रोपेलर कधीही सुरू होईल असं समजूनच हात लावायचा. प्रत्येक सिलिंडरचा एकेक स्पार्क प्लग काढा म्हणजे हलका फिरेल. एका पात्याच्या टोकाला जेमतेम टेकेल असं खोकं समोर ठेवा, फिरवा, दुसरं पातं तिथेच येतंय का बघा. धातूच्या प्रोपेलरला एक सोळांश इंच, म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपासचा फरक चालतो, लाकडीला त्याच्या दुप्पट. जास्त आला तर आधी फ्लँजवर कचरा किंवा धातूची उचललेली कड आहे का पाहा.

आणि मग उडा. हो, डायनॅमिक बॅलन्सिंगच्या आधी. ओव्हरहॉल केलेल्या इंजिनाच्या पिस्टनवरच्या रिंग सिलिंडरला घासून बसायच्या असतात. ते जोरात चालवून, थंड वाऱ्यात, उडतानाच बसतात. बॅलन्सिंगसाठी जमिनीवर पुन्हापुन्हा मिनिटाला २३००-२४०० फेऱ्यांवर चालवलंत तर सिलिंडर तापतात आणि आतून गुळगुळीत होतात. मग रिंग बसतच नाहीत आणि तेल पिणं सुरू होतं. अपवाद एकच: पहिल्याच चाचणीत थरथर अंगावर येण्याइतकी असेल तर उडू नका, कारण शोधा.

पहिल्या स्टार्टआधी प्लग काढून स्टार्टरने फिरवत तेलाचा दाब येऊ द्या. इंधनाचा प्रवाह मोजा, पंपावर चालणाऱ्या व्यवस्थेत पूर्ण ताकदीच्या गरजेच्या १२५ टक्के यायला हवा, तोही नाक वर करून. प्रमाणित इंजिन-प्रोपेलरची जोडी असेल तर चाचणी-उड्डाणांचे २५ तास, नाहीतर ४०. ते संपत आले की बॅलन्सिंगला या.

---

भिरभिरं

सगळ्यांचे मनापासून आभार. इंजिन चढलं!

तिसरा माणूस म्हणून बायकोची आई शेपटीपाशी खुर्ची टाकून बसल्या, हातात दोरी. 'आलं, आलं, थांबा' असं तीनदा ओरडल्या आणि तिन्ही वेळा त्या बरोबर होत्या. शेवटचा बोल्ट ताईंनी सांगितला तसाच अडला. पट्ट्याचे नऊ दात ओढले तेव्हा सरकला, आणि जो आवाज आला तो मी विसरणार नाही. अर्थिंगची पट्टी त्याच दिवशी लावली. प्रोपेलर धातूचाच ठेवतोय.

'ओ' खरंच रंगाखाली होता. चकती आधीच कुणीतरी तात्पुरती अडकवून दिली होती, दोन भोकं चुकवून. नखाने रंग खरवडला तेव्हा दिसलं.

आमच्या गावच्या राईट बंधूंची एक गोष्ट वाळवंटीदादांच्या हिशोबामुळे आठवली. १९०३ च्या विमानात त्यांच्या मेकॅनिकने, चार्ली टेलरने बनवलेलं इंजिन मधोमध नव्हतं, पायलटच्या उजवीकडे होतं आणि त्याच्यापेक्षा जड होतं. म्हणून त्यांनी उजवा पंख चार इंच लांब केला. तोल सावरायला अख्खा पंख!

---

भिरभिरं

सात महिन्यांनी धागा वर काढतोय. २७ तास उडून झाले. तेलाचा वापर स्थिरावलाय, सिलिंडरचं तापमान खाली आलंय. नाक चार मिलिमीटर झुकलं, म्हणजे स्पिनर आता काउलिंगशी बरोबर जुळतोय.

काल बॅलन्सिंग केलं. नाक वाऱ्याकडे, शेपूट बांधलेली, प्रोपेलरच्या मागे इंजिनाच्या कवचावर सेन्सर, पात्याच्या पाठीवर चमकती पट्टी. पहिलं वाचन २३५० फेऱ्यांवर, थरथरीचा वेग ०.३६ इंच प्रति सेकंद. स्पिनरच्या मागच्या ताटलीला १२ ग्रॅमचा बोल्ट-वॉशर लावून पुन्हा चालवलं, दोन्ही वाचनांवरून यंत्राने जागा आणि वजन सांगितलं. तिसऱ्या फेरीत ०.०६. मी कोन आणि ग्रॅम लॉगबुकात लिहिले आणि ताटलीवर खूण केली.

पान्हादादा, इतकंसं वजन एवढा फरक कसा पाडतं?

---

पान्हा_१०_११

हिशोब करून बघा. १० ग्रॅम, मध्यापासून १५ सेंटिमीटर, २४०० फेऱ्या. ते दहा ग्रॅम साडेनऊ किलोच्या जोराने बाहेर ओढतात, मिनिटाला २४०० वेळा दिशा बदलत.

---

मिशिगनकाठ

०.०७ च्या आत आलं म्हणजे उत्तम, आणखी मागे लागू नका. प्रोपेलर कधी उतरवलात तर पात्यावर आणि फ्लँजवर खूण करून त्याच जागी परत बसवा, नाहीतर हे सगळं पुन्हा करावं लागेल. आणि जुलैत ओशकोशला (आमच्या विस्कॉन्सिनमधल्या विमानांच्या मेळाव्याला) आलात तर विमान घेऊनच या.