बरगड्यांच्या शस्त्रक्रियेआधी थ्रीडी सीटी कशासाठी?

बालाघाटी: ‘पाचट’ यांनी काल लिहिले की बरगड्या आपोआप जुळतात, त्यामुळे थ्रीडी सीटी (सीटी स्कॅनचे काप जोडून संगणकावर फिरवून पाहता येणारे छातीचे चित्र) आणि लहान छेदाची शस्त्रक्रिया ही निव्वळ बिल फुगवण्याची सोय आहे. हे विधान अर्धे खरे आहे, म्हणूनच ते घातक आहे. लागोपाठच्या तीन किंवा अधिक बरगड्या प्रत्येकी दोन ठिकाणी मोडल्या, तर श्वास घेताना छातीचा तेवढा भाग आत ओढला जातो आणि रुग्णाला व्हेंटिलेटर लागू शकतो. मोड सांधणारी धातूची प्लेट कोणत्या बरगडीला बसवायची आणि कोणती सोडायची हे एक्स-रेवरून ठरत नाही, कारण त्यात कित्येक मोड दिसतच नाहीत. छेद लहान हवा असेल, तर तो नेमका कोठे घ्यायचा हे आधीच ठाऊक असावे लागते; त्यासाठीच थ्रीडी सीटी.

पाचट: डॉक्टरांची वकिली पुरे झाली. माझ्या काकांना उसाच्या ट्रॉलीची धडक बसली आणि चार बरगड्या मोडल्या. छातीला पट्टा बांधून ते घरीच बरे झाले.

बालाघाटी: पट्ट्यामुळे नव्हे, पट्टा असूनही. घट्ट पट्ट्याने श्वास उथळ होतो, कफ साचतो आणि न्युमोनियाचा धोका वाढतो.

गोदाकाठ: खरा प्रश्न वेगळाच आहे. माझ्या मेहुण्यांचा सीटी जिल्ह्याच्या ठिकाणी झाला, पण केंद्राने केवळ फिल्म व अहवाल हाती दिला. सर्जनला चित्र फिरवून पाहण्यासाठी सीटीतले मूळ पातळ काप, म्हणजे संगणकावरची सलग छायाचित्रे, हवे होते, ते मिळेनात. परिणामी संभाजीनगरला दुसऱ्यांदा सीटी करावा लागला. सीडी मागितली की जणू आपण उधारी मागत आहोत, असा चेहरा का केला जातो?

निजाम_सागवान: आमच्याकडेही हेच घडले. शेवटी फिल्मचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यातून काय दिसणार?

क्ष-किरण: मी तंत्रज्ञ आहे, त्यामुळे दोन्ही बाजूंचा भ्रम दूर करतो. सीटी रुग्णाला पाठीवर निजवून होतो, शस्त्रक्रिया मात्र बहुधा कुशीवर. हात हलला की त्वचा व खांद्याचे पाते सरकते. म्हणून टेबलावर सोनोग्राफीने मोड पुन्हा शोधून खूण करता येते. केवळ चित्रावर भिस्त ठेवणे चूक आहे.

पाचट: गंभीर रुग्णांपुरते मान्य करतो, अन्यथा आणखी एक व्याख्यान ऐकावे लागेल. परंतु दोनच बरगड्या मोडल्या असून त्या जागच्या हलल्याही नसतील, तरी रंगीत चित्र दाखवून घाबरवणाऱ्यांचे काय?

बालाघाटी: अशा रुग्णाला सहसा वेदनाशमन आणि श्वासाचे व्यायाम पुरतात. ऑक्सिजन किती आहे, खोकता येते का, हे न विचारता डॉक्टर चित्रच दाखवत राहिला, तर दुसऱ्या सर्जनचे मत अवश्य घ्यावे.