आधी सॉकेट बघा

कृत्रिम पायावर पळणाऱ्याची ‘वेळ सुधारत नाही म्हणजे ब्लेड (पळण्यासाठीचं वाकडं, लवचीक पातं) मऊ पडतंय’ असं कुणी म्हटलं, तर ते निदान घाईचं वाटतं. गुडघ्याखालच्या सॉकेटमध्ये, म्हणजे पाय जिथे बसतो त्या साच्यात, सराव करताना स्टंप (कापल्यानंतर उरलेला पाय) आकसतो, खाली सरकतो आणि दर पावलाला वर-खाली होतो. ब्लेडवर जायचा जोर तिथेच मुरतो. स्टंपच्या टोकाशी किंवा गुडघ्याच्या वाटीच्या खालच्या कडेला लाली दिसली, तर लायनरवर (स्टंपवर चढवायच्या मऊ आवरणावर) एक प्लायचा, म्हणजे सगळ्यात पातळ जाडीचा, मोजा चढवा. पिनचा लायनर असेल (टोकाची पिन सॉकेटच्या तळाच्या लॉकमध्ये अडकते), तर पिन मोज्याच्या भोकातून पूर्ण बाहेर हवी. कापड लॉकमध्ये अडकलं की पाय निघता निघत नाही! मोजे एकूण दहा प्लायच्या पुढे गेले की प्रोस्थेटिस्टकडे (कृत्रिम पाय बसवणाऱ्या तज्ज्ञाकडे) जाऊन सॉकेटच बदलायचं बघा.

आणि दोन धावांमध्ये लायनर काढून घाम पुसा. वीस मिनिटांनंतरही लाली तशीच असेल, तर त्या दिवशी पळू नका.