वारीसाठी कलर निगेटिव्ह फिल्म कोणती घेऊ? लवकर सांगा

रानजाई: गुरुवारी दिवे घाटात जायचंय. कोडॅकची पोर्ट्रा ४०० की गोल्ड २००? मागच्या वर्षी एक्टार १०० नेली होती. स्कॅनमध्ये चेहरे लालबुंद, सावल्या हिरवट आणि नुसता दाणा, म्हणजे खरखरीत ठिपके. एक्टार पुन्हा सुचवू नका.

काळीखोली: कॅमेरा कोणता? स्कॅन कुठे केलं?

चहाबिस्कूट: लॅबवाले घाईत करतात सगळं. फ्लॅटबेड स्कॅनर घ्या, धुळीसाठी इन्फ्रारेड असलेला. माझे लग्नातले रोलसुद्धा नव्यासारखे झाले.

काळीखोली: धुळीचं कोण बोललं?

कोकणी_मेवा: विमानाने जात असाल तर रोल हातात तपासायला द्या, विमानतळावरच्या सीटी स्कॅनरमध्ये घालू नका.

रानजाई: पुण्याहून दिवे घाट, विमान कशाला? कॅमेरा पेंटॅक्स के १०००. स्कॅन लॅबचंच.

घाटवाट: पहाटेच वर जाऊन जागा धरा, नंतर पाय ठेवायला मिळत नाही. आणि एक्टारला नावं ठेवू नका, उन्हात तिच्यासारखे रंग नाहीत.

काळीखोली: उन्हात! पावसाळ्यात ऊन कुठून आणणार? रानजाई, एक्स्पोजर काय दिलं होतं?

रानजाई: सगळे शटर १/१२५ सेकंद, छिद्र एफ ११. कॅमेऱ्यातल्या उजेड मोजायच्या मीटरची सुई हलत नाही, पण माझा अंदाज पक्का आहे.

काळीखोली: दाटून आलं असेल तर १०० च्या फिल्मला एफ ४, म्हणजे मोठं छिद्र लागतं. म्हणजे तीन स्टॉप कमी, उजेड आठवा हिस्साच. निगेटिव्ह जास्त उजेड पचवते, कमी नाही. सावलीत काही उमटलंच नाही, स्कॅनरने ते ओढून उजळ केलं, म्हणून हिरवट दाणा. निगेटिव्हच्या कडेला छापलेली अक्षरं कशी दिसतात?

चहाबिस्कूट: तरी लॅब बघाच. डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) ३८ अंशांवर नसला तरी रंग बिघडतात.

काळीखोली: तेच तर बघतोय. कडेची अक्षरं कारखान्यातच उमटवलेली असतात. तीही फिकी असली तर धुलाई बिघडली.

रानजाई: आत्ता खिडकीशी धरून पाहिलं. अक्षरं ठळक आहेत. फोटो फिके.

काळीखोली: मग लॅब सुटली. मीटरसाठी एलआर ४४ सेल टाका. के १००० ला मीटर बंद करायचं बटणच नाही, लेन्सला टोपी नसली की सेल उतरतो. तुमची टोपी कुठे असते?

रानजाई: हरवली आहे. दोन वर्षं झाली.

काळीखोली: पोर्ट्रा ४०० घ्या, कॅमेऱ्याची फिल्म-स्पीडची डायल २०० वर ठेवा, म्हणजे उजेड दुप्पट मिळेल. परवडत नसेल तर गोल्ड, डायल १०० वर.

घाटवाट: आणि छत्री.