वाचा गेली म्हणजे समज गेली का?

दिग्रसकर:
आपल्याकडे एखाद्याला लकवा मारला, उजवी बाजू लुळी पडली आणि बोलणेही बंद झाले, की थोड्याच दिवसांत घरचे लोक त्याच्या खाटेशी उभे राहूनच "त्यायले आता काही समजत नाही" असे म्हणू लागतात. हे विधान बहुतेक वेळा चुकीचे असते आणि ते त्या माणसाला घरातल्या घरात परके करून टाकते, असे माझे स्पष्ट मत आहे.

मेंदूची डावी बाजू शरीराच्या उजव्या बाजूची हालचाल सांभाळते आणि उजव्या हाताने कामे करणाऱ्या बहुतेक सर्व माणसांमध्ये भाषेचे मुख्य कामही डावीकडेच चालते. त्यामुळे तिकडची एक रक्तवाहिनी तुंबली की हात, पाय आणि वाचा एकदमच जातात. समोरच्या चित्रातील वस्तूचे नाव उच्चारायला निरोगी माणसाला साधारण ६०० मिलिसेकंद लागतात. तेवढ्या वेळात मेंदू वस्तू ओळखतो, शब्द निवडतो, त्याचे ध्वनी जुळवतो आणि जीभ-ओठांना कामाला लावतो. वाचाघातात, म्हणजे मेंदूला इजा होऊन भाषा बिघडते त्या आजारात, बहुधा या साखळीच्या मधल्या कड्या तुटतात. वस्तू ओळखणारी पहिली कडी पुष्कळदा शाबूत असते.

आमच्या मोठ्या बाबांना (मोठ्या काकांना) "ते... ते नाही" याखेरीज काही बोलता येत नाही. यंदा शेत मक्त्याने, म्हणजे ठरलेल्या रकमेवर दुसऱ्याला कसायला देताना माझ्या चुलतभावाने पाचशेच्या नोटांची गड्डी त्यांच्या मांडीवर ठेवली. त्यांनी डाव्या हाताच्या अंगठ्याने नोटा सरकवत मोजल्या, गड्डी परत केली आणि दोन बोटे दाखवली. दोन नोटा खरोखरच कमी होत्या. मक्त्याचा दर ठरवताना मात्र त्यांना कोणी विचारलेच नव्हते.

हा अनुभव एकट्या आमच्या घरचा नाही. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न्य नावाच्या रुग्णाला 'तां' एवढाच उच्चार करता येत असे. त्याला तिथे किती वर्षे झाली, असे फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांनी १८६१ साली विचारले तेव्हा त्याने पंजा चार वेळा उघडला आणि शेवटी एक बोट दाखवले. एकवीस वर्षे झाली होती आणि उत्तर बरोबर होते. संशोधक रोझमेरी व्हार्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तीव्र वाचाघात झालेल्या तिघांचा अभ्यास प्रसिद्ध केला. माणसाने सिंहाला मारले की सिंहाने माणसाला, हे त्यांना वाक्यावरून कळत नव्हते, पण ५९ मधून १३ वजा करणे आणि १३ मधून ५९ वजा करणे यांतला फरक त्यांना नीट कळत होता. भाषा आणि विचार यांची मेंदूतील यंत्रणा एकच असती, तर असे घडलेच नसते.

वणीचे वकील:
दिग्रसकर भाऊ, आपली कळकळ मला पटते, निष्कर्ष मात्र पटत नाही. आपण दिलेला २००५ चा अभ्यासच आपल्या विरोधात जातो. कोणी कोणाला मारले हे ज्याला वाक्यावरून कळत नाही, त्याला कोणी कोणाला काय लिहून दिले हे कसे कळेल? जमिनीतला आपला वाटा सोडून देणारे हक्कसोडपत्र म्हणजे तेवढेच तर असते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२ नुसार करार करणाऱ्याला तो करार समजला पाहिजे आणि आपल्या हितावर त्याचा काय परिणाम होईल याचा विवेकाने विचार करता आला पाहिजे. नोटा मोजता येणे ही त्याची कसोटी होऊ शकत नाही.

शिवाय वाचाघात एकाच प्रकारचा नसतो. जर्मन डॉक्टर कार्ल व्हेर्निके यांनी १८७४ साली वर्णन केलेल्या प्रकारात माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचे बोलणेही त्याला नीट उमगत नाही. असा माणूस प्रत्येक प्रश्नाला मान डोलावतो आणि त्या मान डोलावण्याखाली अंगठा घेतला जातो. असे दस्त मी हाताळले आहेत आणि त्यांपायी भाऊ-भाऊ वर्षानुवर्षे कोर्टाच्या पायऱ्या चढताना पाहिले आहेत. "त्यांना सगळे समजते" हे वाक्य अशा वेळी कोणाच्या तोंडी असते, हेही पाहावे. बहुधा ते ज्याला जमीन हवी असते त्याच्याच तोंडी असते.

लबोर्न्यविषयीही एक गोष्ट राहून गेली. त्याच्या जतन केलेल्या मेंदूची एमआरआय तपासणी २००७ साली प्रसिद्ध झाली. इजा ब्रोका यांनी बोलण्याचे केंद्र म्हणून बोट ठेवलेल्या भागापुरती नव्हती, ती आत खोलवर, मेंदूचे भाग एकमेकांना जोडणाऱ्या तंतूंपर्यंत गेलेली होती. इजा कुठवर गेली आहे हे बाहेरून दिसत नाही, म्हणून मी सावधगिरी सोडत नाही.

परिचारिका, पांढरकवडा:
आपण दोघेही समज आहे की नाही असा वाद घालत आहात. गावात ती तपासली कशी जाते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. दहा नातेवाईक भोवती जमतात, एकाच वेळी बोलतात, टीव्ही सुरू असतो आणि आजोबांनी उत्तर दिले नाही की समज गेली असे ठरते. एका वेळी एकानेच बोलावे, वाक्य छोटे ठेवावे, वस्तू समोर ठेवावी आणि उत्तरासाठी पुरेसे थांबावे. मग तोच प्रश्न उलटा करून विचारावा. "शेत मक्त्याने द्यायचे का?" याला होकार आला, तर थोड्या वेळाने "शेत घरीच वाहायचे का?" असे विचारावे. दोन्हींना होकार आला तर तो होकार धरू नये. वकीलसाहेबांची शंका यातून बरीचशी फिटते.

भाषेचेही तसेच आहे. आमच्या भागातील कोलाम किंवा गोंड घरातल्या म्हातारीला दवाखान्यात मराठीत किंवा हिंदीत प्रश्न विचारतात आणि ती गप्प राहिली की समज गेल्याचा शेरा मारतात. आजाराआधी जी भाषा रोजच्या वापरात होती ती पुष्कळदा आधी परत येते, असे फ्रेंच डॉक्टर आल्बेर पित्र यांनी १८९५ सालीच मांडले होते. याला अपवाद आहेत, पण निदान तिच्या लेकीला तिच्या बोलीत विचारू द्यावे.

सूनबाई, दारव्हा:
सासऱ्यांची वाचा गेली त्याला दोन वर्षे झाली. आपण सांगता तसे थांबून विचारायला वेळ लागतो आणि पेरणी कोणासाठी थांबत नाही. पेरणीच्या दिवसांत मी त्यांना कितीदा विचारू शकते, हे मलाच ठाऊक आहे. निर्णय आम्ही घेतो म्हणून आम्ही त्यांना परके केले, असे लिहिणे अन्यायाचे आहे.

दिग्रसकर:
ताई, आपल्यावर दोष ठेवण्याचा माझा हेतू नव्हता आणि आपण उपसलेले कष्ट मला दिसतात. तरीही पेरणीपूर्वी सोयाबीन की तूर एवढे तरी दोन्ही बियाणी समोर ठेवून त्यांना विचारावे. त्याला लागणारा वेळ फार नाही आणि ज्याने आयुष्यभर ती जमीन कसली त्याचा तो हक्कच आहे. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण ती पुढे वर्षानुवर्षे होत राहू शकते. घरात त्यांच्याशी कोणी बोलेनासे झाले तर सुधारणेची ती वाटच बंद होते.

वकीलसाहेब, मी अंगठ्याची बाजू घेत नाही. मक्ता, पीक, दवाखाना आणि नातीचे लग्न यांत ज्याचे मत घेता येते, त्याला केवळ हक्कसोडपत्र कळणार नाही म्हणून सगळ्यांतूनच वगळू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. एकाच माणसाला एक गोष्ट समजते आणि दुसरी समजत नाही, हे मेंदूच्या रचनेशी सुसंगतच आहे.

वणीचे वकील:
मक्ता आणि पीक यांबाबत मी आपल्याशी सहमत आहे, आणि परिचारिका ताईंनी सांगितलेली उलट प्रश्नाची रीत मी माझ्या पक्षकारांना सांगेन. जमीन कायमची जात असेल तिथे मात्र माझे मत बदललेले नाही. मेंदूविकारतज्ज्ञाने रुग्णाच्या स्वतःच्या बोलीत, लाभार्थी नातेवाइकाला खोलीबाहेर ठेवून तपासणी केल्याचे लेखी प्रमाणपत्र जोडलेले नसेल, तर असा दस्त मी तयार करून देणार नाही.