मदत हवी आहे: हळदीच्या कॅटॅलिस्टमध्ये काम लोखंडाचं की तांब्याचं?

नमस्कार मंडळी. सांगलीत एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करतेय. कॅटॅलिस्टसाठी, म्हणजे प्रक्रिया घडवून आणायला, पॅलॅडियम धातू परवडत नाही म्हणून सरांनी लोखंड घ्यायला सांगितलं. लिगँड, म्हणजे धातूला धरून ठेवणारा रेणू, कर्क्युमिन (हळदीचं पिवळं रंगद्रव्य), कारण इथे हळदीला काय तोटा! फेरिक क्लोराइड आणि कर्क्युमिनचं गडद कॉम्प्लेक्स करून पायराझोल आणि आयोडोबेंझीनची सी-एन कपलिंग (कार्बन-नायट्रोजन जोडणी) लावते. द्रावक टोल्युइन, बेस पोटॅशियम फॉस्फेट, रात्रभर रिफ्लक्स (उकळत ठेवणं).

मामांच्या शेतातल्या हळदीतून सॉक्सलेटवर (अर्क काढायच्या उपकरणावर) काढलेलं कर्क्युमिन घेतलं की यील्ड (मिळणारं उत्पादन) ७० टक्क्यांच्या पुढे जातं. विकतचं घेतलं की २० वर अडकतं. फेरिक क्लोराइडची बाटली तीच, बेसही तोच. सर म्हणतात, घरच्या अर्कात डीमेथॉक्सी आणि बिसडीमेथॉक्सी कर्क्युमिन ही त्याची जवळची भावंडंही असतात, त्याचा फायदा होत असेल. असेलही. माझा संशय मात्र तांब्यावर आहे. मामांचं शेत तासगावकडे, बांधाला लागून द्राक्षबाग, म्हणजे बोर्डोची, अर्थात मोरचूद-चुन्याची, फवारणी आलीच. आणि २००९ मध्ये बुकवाल्ड आणि बोल्म या रसायनशास्त्रज्ञांनी अशाच कपलिंगमध्ये दाखवलंय की फेरिक क्लोराइडमधलं काही पीपीएम (दशलक्षात काही भाग) तांबंच खरं काम करत असू शकतं.

आयसीपीला (धातूंचा अंश मोजायच्या तपासणीला) नमुना बाहेर पाठवला तर रिपोर्ट येईपर्यंत सबमिशन उलटेल. तांबं इथेच मोजता येईल का? आणि निघालंच, तर प्रोजेक्ट बुडाला समजायचं का?

प्रतिसाद:
ताई, द्राक्षवाले पानदेठ परीक्षण करून घेतात त्या लॅबमध्ये विचारा. एएएसवर (धातू मोजायच्या यंत्रावर) तांबं, लोह, जस्त तिथे रोज मोजतात. अर्क नायट्रिक आम्लात पचवून द्या, सोबत नुसत्या आम्लाचा ब्लँकही द्या.

पण आकडा शून्य आला म्हणून निश्चिंत होऊ नका. ‘धातूविना’ म्हणून गाजलेल्या सुझुकी कपलिंगमागे (कार्बन-कार्बन जोडणीमागे) २००५ मध्ये सोडियम कार्बोनेटमधलं ५० पीपीबी (अब्जात ५० भाग) पॅलॅडियम निघालं होतं. त्यापेक्षा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचे प्रयोग, लावा: विकतच्या कर्क्युमिनच्या कॉम्प्लेक्समध्ये मुद्दाम काही पीपीएम क्युप्रिक क्लोराइड (तांब्याचा क्षार) टाका. यील्ड उसळलं तर उत्तर मिळालं. एक रन लोखंडाशिवाय, फक्त तांब्यावर. मॅग्नेटिक बार नवा घ्या, जुन्याला धातू चिकटून राहतात.

सरांच्या मुद्द्यासाठी दोन्ही कर्क्युमिन एकाच टीएलसी प्लेटवर (मिश्रणातले घटक ठिपक्यांत वेगळे दाखवणाऱ्या) चालवा. विकतचंही बऱ्याचदा तिन्हींचं मिश्रणच असतं. ठिपके सारखेच दिसले तर तो मुद्दा बराच ढिला पडतो.

प्रोजेक्ट कसला बुडतोय? तांबं सिद्ध केलंत तर नुसत्या यील्डच्या तक्त्यापेक्षा व्हायवाला जास्त बोलता येईल. फक्त शीर्षकातलं ‘लोह-उत्प्रेरित’ काढावं लागेल. आणि हळद कशात शिजवली होती तेही मामांना विचारून घ्या. काहील तांब्याची निघाली तर बोर्डोला उगाच दोष जायचा.